बागेतल्या फुलांपासून गुलाबपाणी, तेल आणि मलम: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा फुलांचं तेल मुरवायला घेतलं तेव्हा मी गच्चीवरच्या गावठी गुलाबाच्या ताज्या पाकळ्या बरणीत भरल्या, वरून बदामाचं तेल ओतलं आणि झाकण घट्ट लावून बरणी खिडकीत ठेवली. आठव्या दिवशी वर तरंगणाऱ्या पाकळ्यांवर पांढरी बुरशी धरलेली दिसली. झाकण उघडताच आंबूस वास आला. पाव लिटर चांगलं तेल टाकून द्यावं लागलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते महिनाभर जपलेल्या फुलांचं.

तेल चांगलं होतं, फुलंही चांगली होती. घात केला तो पाण्याने. ताज्या पाकळीच्या वजनात चार-पंचमांशाच्या आसपास पाणीच असतं. ते तेलात उतरतं, आणि पाणी जिथे असेल तिथे बुरशी आणि जिवाणू यायला वेळ लागत नाही. म्हणून कुठलीही कृती सुरू करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी जे करतेय त्यात पाणी आहे का?

गुलाबपाणी, ताज्या फुलांचा लेप, कोरफडीचा गर यांत पाणी आहे. हे फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दिवस मोजून वापरायचं, नाहीतर त्याच दिवशी संपवायचं. मुरवलेल्या तेलात आणि मलमात पाणी नसतं, निदान नसायला हवं. ते काही महिने टिकतं. उटणं कोरडं असतं, त्याला फक्त दमटपणापासून जपायचं. एवढं मनात पक्कं बसलं की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

कुठली फुलं घ्यायची

आपल्या बागेतली किंवा जिच्यावर काय फवारलंय हे तुम्हाला माहीत आहे अशा बागेतलीच फुलं घ्या. फुलवाल्याकडची लांब देठाची गुलाबं पॉलिहाऊसमध्ये फुलदाणीसाठी वाढवलेली असतात. त्यांच्यावर औषधं मारलेली असतात आणि सुगंध जवळजवळ नसतो. देवाला वाहिलेली फुलंही घेऊ नका, त्यांना हळदकुंकू लागलेलं असतं आणि आजकालच्या कुंकवात काय रंग घातलाय ते कळत नाही. घरच्याच झाडावर कीटकनाशक मारलं असेल तर तो बहर सोडून द्या, पुढचा घ्या.

नवख्या माणसाने तीनच फुलांपासून सुरुवात करावी असं मला वाटतं: गावठी गुलाब, कॅलेंडुला आणि लाल जास्वंद.

कॅलेंडुलाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे मोठा गोंधळ होतो. परदेशी कृतींमध्ये ज्या फुलाचं तेल आणि मलम करतात ते फूल कॅलेंडुला. मराठीत कृती येता येता त्याचा ‘झेंडू’ होतो आणि लोक दसऱ्याच्या तोरणातली फुलं तेलात घालतात. दसऱ्याचा झेंडू ही वेगळी वनस्पती आहे. त्याचा अर्क त्वचेवर राहिला आणि वर ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी लाल होऊ शकते. याच कारणासाठी युरोपात झेंडूचं तेल आणि अर्क प्रसाधनांत वापरण्यावर कडक बंधनं आहेत. तोरण दारालाच शोभतं, ते चेहऱ्यावर आणू नका.

खरा कॅलेंडुला ओळखायला सोपा आहे. पानं लांबट आणि अखंड असतात, झेंडूसारखी कातरलेली नसतात, आणि फूल खुडलं की बोटं चिकट होतात. तो चिकटपणा म्हणजे फुलातली राळ, आणि तेलात आपल्याला तीच उतरवायची असते. आपल्याकडे हे हिवाळी फूल आहे. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात बी टाकलं की साधारण दोन महिन्यांत फुलायला लागतं आणि ऊन कडक होईपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, फुलत राहतं. रोपवाटिकेत मागताना ‘कॅलेंडुला’ असंच म्हणा.

काही फुलांना हातच लावायचा नाही. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि धोतरा ही सगळी विषारी आहेत. रुईच्या चिकाने त्वचेवर आणि डोळ्यांत आग होते. दिसायला सुंदर म्हणून लेपात काहीही टाकू नका.

मोगऱ्याबद्दल खूपजण विचारतात. मोगरा शिजवला की त्याचा सुगंध हरवतो. जुने लोक सोललेल्या तिळांवर रात्री ताजी फुलं पसरायचे, सकाळी काढायचे, असं बरेच दिवस करून मग ते तीळ घाण्याला लावायचे. ते खरं फुलेल तेल. पण त्यासाठी काही किलो तीळ आणि रोज परडीभर फुलं लागतात. दोन कुंड्यांच्या मोगऱ्यावर ते होत नाही, तो केसांत माळा.

गुलाबपाणी

पाकळ्या पाण्यात उकळून गाळलेलं गुलाबी पाणी म्हणजे गुलाबपाणी नव्हे. तो काढा आहे, आणि दोन-तीन दिवसांत नासतो. गुलाबपाणी म्हणजे पाकळ्यांमधून आलेली वाफ निववून जमवलेलं पाणी. ते काचेसारखं स्वच्छ दिसतं, त्यात रंगाचा लवलेशही नसतो. कनोजला अत्तर काढतात तेव्हा तांब्याच्या डेगेतली वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती जमवायच्या भांड्यात, जाते आणि भपका पाण्यात बसवलेला असल्यामुळे तिथे निवते. आपण घरच्या पातेल्यात हेच करतो, फक्त नळीऐवजी उलटं झाकण वापरतो.

लागतं ते असं: पाच-सहा लिटरचं स्टीलचं खोल पातेलं, त्यावर घट्ट बसणारं घुमटाकार झाकण, आत ठेवायला छोटी अडणी, एक स्टीलची वाटी, बर्फ, आणि १०० ग्रॅम पाकळ्या. अॅल्युमिनियमचं भांडं नको. झाकणाची मूठ धातूची हवी, प्लॅस्टिकची असेल तर काढून टाका.

फुलं सकाळी ऊन चढायच्या आत खुडा, तेव्हा सुगंध भरलेला असतो. पाकळ्या वेगळ्या करा, पाण्यातून एकदा हलक्या हाताने काढून माती-किडे घालवा. पातेल्याच्या मधोमध अडणी, तिच्यावर रिकामी वाटी. अडणी नाही म्हणून पालथी वाटी ठेवू नका, तिच्याखाली वाफ कोंडते आणि वरची वाटी डुगडुगून कलंडते. पाकळ्या अडणीभोवती पसरा आणि साधारण अर्धा लिटर पिण्याचं पाणी घाला. पाणी वाटीच्या बुडाला टेकायला नको. आता झाकण उलटं ठेवा, म्हणजे मूठ खाली, बरोबर वाटीवर येईल अशी.

गॅस मध्यम ठेवा. वाफ धरायला लागली की अगदी बारीक करा आणि झाकणावर बर्फ ठेवा. बर्फ प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत भरून ठेवला तर वितळल्यावर पिशवी उचलून बदलता येते, झाकणावर साचलेलं पाणी उपसत बसावं लागत नाही. काचेचं झाकण असेल तर आतलं सगळं दिसतं: वाफ गार घुमटाला लागते, तिचे बारीक थेंब होतात, ते एकमेकांत मिसळत मुठीकडे घसरतात आणि मुठीच्या टोकावरून एकेक थेंब वाटीत पडतो. मी दर वेळी दोन मिनिटं तरी बघत उभी राहते. पण एक लक्षात ठेवा, तापलेल्या काचेवर एकदम बर्फ ठेवला तर ती तडकू शकते. काचेचं झाकण असेल तर आधी गार पाण्याची पिशवी ठेवा.

वाफ सुरू झाल्यापासून अर्धा-पाऊण तासात साधारण १५० मिलिलिटर पाणी जमेल. मधे एकदा पातेलं किंचित हलवून आत पाणी शिल्लक असल्याचा अंदाज घ्या, पाकळ्या करपल्या तर सगळ्याला धुरकट वास लागतो. दीडशेच्या पुढे थांबा. नंतर येतं त्यात गुलाब फारसा उरलेला नसतो. पातेल्यात राहिलेला रंगीत काढा गाळून त्याच दिवशी आंघोळीच्या पाण्यात घाला.

बाटल्या आधी दहा मिनिटं पाण्यात उकळून ठेवा. गुलाबपाणी पूर्ण निवलं की ५० मिलिलिटरच्या छोट्या, फवारा असलेल्या बाटल्यांत भरा. एका मोठ्या बाटलीत भरलं तर रोज उघडून ते सगळंच दूषित होतं. बोटं बुडवायची नाहीत, कापूस टेकवायचा नाही. ताजं गुलाबपाणी हुंगून निराश होऊ नका. पहिल्या दिवशी त्याला उकडलेल्या पाल्यासारखा वास येतो, दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये राहिलं की गुलाब वर येतो. तीन आठवड्यांत संपवा. गढूळ झालं, आत तंतू दिसले किंवा वास बदलला तर तारीख न बघता टाकून द्या.

याने डाग जातात, वय कमी दिसतं असं मी कुणाला सांगत नाही. चेहरा धुतल्यावर गारवा मिळतो, मन प्रसन्न होतं, मुलतानी माती भिजवायला उत्तम. मला तेवढ्यासाठीच ते प्रिय आहे.

फुलं वाळवणं आणि तेल मुरवणं

तेलाचं सगळं यश वाळवण्यात आहे. कॅलेंडुला दव उडाल्यावर, दहा-अकराच्या सुमारास खुडा. अख्खी फुलं सुती कापडावर एकेक सुटी पसरा, वरून पातळ ओढणी टाका आणि सावलीत, वारं खेळेल अशा जागी ठेवा. उन्हात रंग आणि वास दोन्ही उडतात. पाकळ्या तीन दिवसांत कुरकुरीत होतात आणि इथेच माणूस फसतो. पाकळ्यांखाली जो हिरवा, वाटीसारखा भाग असतो तो आतून ओला असतो. एक फूल घेऊन तो भाग नखाने मोडून पाहा. कटकन तुटला तर झालं, वाकला तर अजून दोन दिवस ठेवा. एकूण आठवडा धरून चला. कोकणपट्टीत जास्तही लागतो, आणि पावसाळ्यात हा उद्योग कुठेच करू नका.

२० ग्रॅम वाळलेली फुलं, २०० मिलिलिटर तेल. मी घाण्याचं तिळाचं तेल वापरते, ते बरेच महिने खवट होत नाही. खोबरेलही चालतं, पण २४ अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणून हिवाळ्यात गाळायला त्रास होतो. करडईचं तेल अंगाला हलकं लागतं, पण लवकर खवटतं.

बरणी धुऊन, उकळून, उन्हात पूर्ण कोरडी करा. आत एक थेंब पाणी राहिलं तरी मागचे पाढे पंचावन्न. फुलं चुरून भरा, तेल असं ओता की वर बोटभर तेल राहील आणि एकही पाकळी उघडी पडणार नाही. मग दोन वाटा आहेत. वेळ असेल तर बरणी घरात उबदार जागी, थेट ऊन न लागता, चार आठवडे ठेवा आणि रोज एकदा हलवा. घाई असेल तर तेल-फुलं स्टीलच्या भांड्यात घालून ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि खालचं पाणी उकळू न देता दोन-तीन तास नुसतं गरम ठेवा. तेल तळणीसारखं तापलं तर फुलं जळतात आणि तेल काळवंडतं.

गाळताना मलमलीचं कापड दुहेरी घ्या आणि हाताने पिळा. एक रात्र बाटली तशीच राहू द्या. तळाशी ढगाळ थर किंवा पाण्याचे मणी दिसले तर वरचं स्वच्छ तेल वेगळं काढून घ्या आणि तळाचं टाकून द्या. गडद रंगाच्या बाटलीत, अंधाऱ्या कपाटात सहा महिने ठेवायला हरकत नाही. तारखेपेक्षा नाकावर विश्वास ठेवा: जुन्या शेंगदाण्यांसारखा वास आला की ते तेल संपलं.

जास्वंदीचं तेल मात्र आपल्याकडे ताज्या फुलांचंच करतात, आणि तिथेही पाण्याचीच गोष्ट आहे. पाच पाकळ्यांची साधी लाल जास्वंद, दहा-बारा फुलं आणि मूठभर पानं जाडसर वाटून पाव लिटर खोबरेलात मंद आचेवर ठेवायची. सुरुवातीला तेल तडतडतं. ती तडतड म्हणजे फुलातलं पाणी वाफ होऊन जात असतं. माझी आजी ओट्यापाशी पाठमोरी भाजी निवडत बसायची आणि तेलाकडे न बघता म्हणायची, “बोलायचं थांबलं बघ, गॅस बंद कर.” तडतड थांबली की पाणी आटलं. वैद्यांची तेल सिद्ध झाल्याची परीक्षाही हीच असते: तेलातल्या कल्काची, म्हणजे वाटलेल्या लगद्याची, वात वळून विस्तवावर धरायची, आवाज न होता जळली तर पाणी शिल्लक नाही. गॅस बंद करायला उशीर मात्र करू नका, तडतड थांबल्यावर फुलं करपायला एक-दोन मिनिटं पुरतात.

जास्वंदीचा बुळबुळीतपणा, ज्याने केस मऊ होतात, तो पाण्यात उतरतो, तेलात नाही. तो हवा असेल तर फुलं-पानं पाण्यात कुस्करून गाळा आणि लगेच केस धुवा. उरलेलं ठेवू नका.

मलम

हातापायांच्या भेगा, कोरडी कोपरं, ओठ यांसाठी मलम सगळ्यात उपयोगी आणि करायला सर्वांत सोपं. ५० ग्रॅम कॅलेंडुलाचं तेल, १० ग्रॅम मधमाश्यांचं मेण. दोन्ही वजनावर घ्या, चमच्याने मोजू नका. मेण मधपाळांकडे मिळतं, महाबळेश्वरच्या बाजूला गेलात तर सहज. मेणबत्तीचं मेण त्याऐवजी घालू नका.

मेण किसून तेलात घाला आणि गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून विरघळवा. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे जरा धीर धरावा लागतो. वाफेचं पाणी भांड्यात शिरू देऊ नका. वितळलं की गार बशीवर एक थेंब टाका, मिनिटभराने बोट फिरवून पाहा. पातळ वाटलं तर दोन ग्रॅम मेण वाढवा, घट्ट वाटलं तर थोडं तेल. विदर्भातल्या मे महिन्यासाठी १२ ग्रॅम मेण घ्या, नाहीतर डबी पर्समध्ये वितळते.

टाचांच्या भेगांसाठी मी निम्म्या मेणाऐवजी कोकमाचं तेल घालते, गोव्याकडे ज्याला भिरंडेल म्हणतात ते. ३० ग्रॅम कॅलेंडुलाचं तेल, २० ग्रॅम भिरंडेल, ५ ग्रॅम मेण. रात्री पाय धुऊन, पुसून लावा आणि वर मोजे घाला. रक्त येणाऱ्या, चिघळलेल्या भेगेवर लावू नका, आणि मधुमेह असेल तर भेग आधी डॉक्टरांना दाखवा.

मलम डबीत ओतल्यावर पूर्ण गार होईपर्यंत झाकण लावू नका. झाकणाखाली घाम धरतो आणि पुन्हा पाणी आत जातं.

उटणं

वाळलेल्या गुलाबपाकळ्यांची पूड २ चमचे, मसुरीच्या डाळीचं पीठ ४ चमचे, मुलतानी माती २ चमचे, वाळा आणि नागरमोथ्याची पूड एकेक चमचा, आंबेहळद अर्धा चमचा. वस्त्रगाळ करा, जाड कण चेहऱ्याला ओरखडतात. डब्यात कोरडंच ठेवा आणि लागेल तेवढंच दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवा. कालवलेलं उद्यासाठी राखू नका.

लावण्याआधी

घरचं, नैसर्गिक म्हणून निर्धोक असं धरून चालू नका. तयार झालेली प्रत्येक वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर लावा आणि ४८ तास थांबा. खाज, लाली, पुरळ आलं तर ते तुमच्यासाठी नाही. गाजरगवताची अॅलर्जी असलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: कॅलेंडुला, शेवंती, सूर्यफूल ही सगळी गाजरगवताच्याच कुळातली. हे तण १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात दिसलं आणि गावोगाव पसरलं, त्यामुळे शेतावर काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या अंगावर त्याचे चट्टे उठतात. अशा माणसाला कॅलेंडुलाचं मलम प्रेमाने दिलं तरी ते बाधू शकतं. देण्याआधी विचारा.

चेहऱ्याला लिंबू आणि खाण्याचा सोडा लावायचे प्रयोग करू नका. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, साडेचार ते साडेपाच सामूच्या आसपास. सोड्याने तो समतोल बिघडतो, आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडू शकतात. तान्ह्या बाळाच्या अंगाला यातलं काहीही लावण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रत्येक बाटलीवर पट्टी चिकटवा: काय आहे, कुठली फुलं, कुठलं तेल, कधी केलं, कधीपर्यंत वापरायचं. शेजारणीला भेट दिलीत तरी हे लिहा. तिच्या मुलीला तिळाची अॅलर्जी असेल तर तिला बाटलीवरूनच कळायला हवं. आणि मैत्रिणी ‘विकायला काढ ना’ म्हणायला लागल्या की थोडं थांबा. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला परवाना लागतो, २०२०चे प्रसाधन नियम त्यासाठीच आहेत, आणि महाराष्ट्रात चौकशी करायची ती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात. तोवर घरापुरतं करा, आणि ऑक्टोबर जवळ आला असेल तर कॅलेंडुलाच्या बियांसाठी एक उथळ कुंडी आत्ताच भरून ठेवा.